भाऊजींची पावले

आपल्या घरांतून मोजमापाची हौस काही कमी नसते. मूल जन्मले की त्याचे वजन, ते शाळेत जाऊ लागले की त्याचे गुण, मुलगी उपवर झाली की पत्रिकेतील छत्तिसांपैकी किती जुळतात ते, आणि वय उतरणीस लागले की रक्तदाब व साखर. आजेसासूबाईंच्या काळी दूध शेराने मोजून घेत, आता लिटरने घेतात, एवढाच काय तो फरक. परंतु ज्या घरी एखादे माणूस बुद्धीने अधू म्हणून जन्मास येते, त्या घरी त्याची एकच गोष्ट पुनःपुन्हा मोजली जाते, आणि ती म्हणजे त्यास काय येत नाही! तो दिवसभर काय करतो, त्याचे पाय किती चालतात, त्याचा श्वास केव्हा लागतो, हे मोजावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते इतर घरांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

आम्ही बिडकीनचे. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव मागे टाकले की आमचे गाव लागते. घर जुने, माणसे पुष्कळ, आणि पाहुण्यांचा राबता नाथषष्ठीच्या सुमारास विशेष. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, आज अडतीस वर्षांचे आहेत. त्यांस डाऊन सिंड्रोम आहे. लॅंगडन डाऊन नावाच्या इंग्रज वैद्याने १८६६ साली ह्या अवस्थेचे वर्णन केले आणि १९५९ साली पॅरिस येथे जेरोम लेजून ह्यांनी तिचे कारण दाखवून दिले. शरीरातील पेशींत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोन असावयाची, ती अशा माणसांत तीन असतात. कोणाच्या पापाचे वा ग्रहांचे हे फळ नव्हे, हे सासूबाईंस पटविण्यास मामंजींस पुष्कळ वर्षे लागली. सासूबाई त्यांस अजूनही 'बाळ' म्हणतात; त्या बाळाच्या मिशांत आता पांढरे केस दिसू लागले आहेत.

भाऊजींजवळ सरकारी प्रमाणपत्र आहे. पूर्वी ज्यास 'मतिमंदत्व' म्हणत, त्यास २०१६ च्या कायद्यापासून 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात. त्या कागदावर ती पंचाहत्तर टक्के असल्याचे लिहिले आहे. एकदा शेजारच्या आजोबांनी तो आकडा वाचून, "अरे वा, पंचाहत्तर! म्हणजे विशेष योग्यता की!" असे म्हटले, तेव्हापासून भाऊजी आल्यागेल्यास तो कागद मोठ्या अभिमानाने दाखवितात. हसू येते खरे. पण जन्मभरात त्यांच्या नावे लिहिला गेलेला एकुलता एक आकडा तो हाच, हे ध्यानात आले की हसू मावळते.

बुद्धी मोजण्याच्या ह्या विद्येचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९०५ साली फ्रान्सात आल्फ्रेद बीने व त्यांचे सहकारी सिमाँ ह्यांनी शाळेतील मुलांसाठी पहिली कसोटी तयार केली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि १९१६ साली तेथील मुलांच्या मानाने सुधारून घेण्यात आली. परंतु पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलास विचारावयाचा प्रश्न धारवाडच्या मुलास जसाच्या तसा विचारून कसे चालेल? त्या मुलाने जी वस्तू कधी पाहिली नाही तिचे नाव त्यास सांगता आले नाही, तर दोष बुद्धीचा की प्रश्नाचा? व्ही. व्ही. कामत ह्यांनी ही अडचण ओळखली. कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांवर प्रयोग करून त्यांनी ती कसोटी इकडच्या मापाने नव्याने बसविली आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. बीने–कामत कसोटी हे नाव पुढे देशभर रूढ झाले. ज्यास मोजावयाचे त्याच्या अंगाचे माप हवे, दुसऱ्याच्या अंगास बेतलेला अंगरखा चढवून 'हा माणूसच वेडावाकडा' असे म्हणू नये, एवढा धडा त्यांच्या कामातून घेण्यासारखा आहे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे सारे मर्म ह्याच धड्यात आहे.

आता चालण्याकडे वळू. चार दशकांपूर्वी अमेरिकेसारख्या संपन्न देशातही डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होते. हृदयाच्या शस्त्रक्रिया व औषधे सुधारल्यामुळे आता ते साठीच्या घरात गेले आहे. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु आयुष्य वाढले तशी प्रौढपणाची दुखणीही वाट्यास आली. भाऊजींचे वजन गेल्या सात-आठ वर्षांत सारखे चढत गेले. पूर्वी ते मामंजींबरोबर सकाळ-संध्याकाळ शेतावर जात. पुढे मामंजींचे गुडघे धरले. गावही पालटले. येथील औद्योगिक क्षेत्र सात हजार आठशे एकरांहून मोठे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचे लोकार्पण झाले. रोजगार येईल, भरभराट होईल. पण पैठण रस्त्यावर मालमोटारींची रीघ लागली आणि भाऊजींना एकट्याने बाहेर सोडण्याचा धीर कोणास होईना. दाराशी खुर्ची टाकून रस्ता पाहणे हाच त्यांचा उद्योग झाला.

शहरातील डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगितले आणि विचारले, "हे दिवसाकाठी चालतात किती?" प्रश्न साधा, उत्तरे मात्र जितकी माणसे तितकी. सासूबाई म्हणाल्या, "बाळ एक क्षण बसत नाही." जाऊबाई म्हणाल्या, "जागचे हलत नाहीत." मामंजी म्हणाले, "मध्यम." भाऊजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "खूप!" आणि दोन्ही हात पसरून दाखविले. डॉक्टर हसले. पण त्यांनी सांगितले की ही अडचण आमच्याच घरची नव्हे. जगभरच्या संशोधकांचीही तीच आहे. कालपरवा किती मिनिटे चाललो हे आठवून सांगणे चांगल्या शिकलेल्या माणसासही जमत नाही. मग ज्यास काळाचा हिशेब ठेवणे अवघड, त्याने ते कसे सांगावे? म्हणून सांभाळणाऱ्यास विचारतात, आणि तो आपल्या मायेप्रमाणे किंवा आपल्या थकव्याप्रमाणे उत्तर देतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांपैकी शंभरांत जेमतेम नऊच जण पुरेशी हालचाल करतात असे दिसले. हा आकडा काळजी वाटावी असाच आहे. परंतु कोणत्या मापाने मोजले, हे विचारल्यावाचून तो जसाच्या तसा घेताही येत नाही.

पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याने हे ऐकून काकांसाठी पावले मोजणारे मनगटी घड्याळ पाठविले. भाऊजी हर्षभरित झाले. पहिल्या दिवशी घड्याळाने दिवसाची पावले बरीच थोडी दाखविली, आणि त्या दिवशी तर भाऊजींनी परसातील सगळ्या झाडांना बादल्या भरभरून पाणी घातले होते. दुसऱ्या दिवशी एकादशी. रात्री भजन झाले. भाऊजी टाळ फार सुरेख धरतात. दोन तास ते सतरंजीवरून उठले नाहीत. घड्याळाने मात्र त्यांस हजारो पावले चालविले होते! पुतण्यास दूरध्वनी केला तेव्हा उलगडा झाला. मनगटावरचे यंत्र पाय पाहत नाही. ते हाताचे हेलकावे पाहते आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधते. टाळ वाजविणारा हात त्यास चालणारा वाटतो, आणि बादलीच्या भाराने ताठ राहिलेला हात स्वस्थ बसलेला वाटतो. कमरेस लावावयाचे यंत्र टाळाने फसत नाही; पण पाय घासत, सावकाश चालणाऱ्याची पावले तेही पुष्कळदा गाळते. शिवाय पट्टा टोचतो, म्हणून तो काढून टाकणारे अनेक. पुष्कळ अभ्यासांत दिवसातून दहा तास, असे निदान चार दिवस ज्याने यंत्र वापरले नसेल त्याची नोंद वगळतात. म्हणजे ज्यास मोजण्याची निकड अधिक, तोच पहिल्याने हिशेबातून बाहेर!

रोज दहा हजार पावले चालावी, हे आज घरोघर ऐकू येते. त्या आकड्याचा उगमही पाहण्यासारखा आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानात एक पदमापक विक्रीस आला. त्याचे नाव 'मान्पोकेई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे माप'. आकडा वाटोळा, कानास गोड. तोच जगभर नियम होऊन बसला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांवरील अभ्यासात असे आढळले की दिवसास चार हजार चारशे पावलांच्या सुमारासही आयुष्यास लाभ दिसतो, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नाही. तेव्हा दहा हजार भरले नाहीत म्हणून कोणी हिरमुसले होण्याचे कारण नाही.

घड्याळातील नाडीच्या आकड्याने मात्र आमच्या घरी जवळजवळ कलहच उभा केला. माणसाच्या नाडीची परमावधी दोनशे वीस उणे वय, असे एक सूत्र प्रचलित आहे. त्या हिशेबाने भाऊजींची १८२ होते. मामंजी निवृत्त शिक्षक. सूत्रावर त्यांची श्रद्धा. भाऊजी चार फेऱ्यांत घामाघूम होत, धापा टाकीत. पण घड्याळ 'श्रम हलके' असे दाखवी. मामंजी म्हणत, "अजून पुष्कळ बाकी आहे, आळस करतो आहे, जोराने चाल." एके दिवशी भाऊजी भर रस्त्यात खाली बसले आणि उठेनात. शहरातील व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मग समजावून सांगितले की डाऊन सिंड्रोम असलेल्यांची नाडी पूर्ण श्रमातही इतरांएवढी चढत नाही. तिची परमावधी साधारणपणे पंचवीस-तीस ठोक्यांनी कमी असते. हृदयास 'वेग वाढव' म्हणून सांगणारी मज्जातंतूंची व्यवस्थाच त्यांच्यात मंद असते. शिवाय सांधे सैल व पावले फाकलेली, म्हणून तेवढेच अंतर तोडण्यास त्यांची शक्ती अधिक खर्च होते. म्हणजे घड्याळास जो फेरफटका वाटतो तो त्यांस डोंगर चढण्यासारखा असू शकतो! मामंजी ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी ते सूत्र वहीतून खोडले आणि म्हणाले, "हे त्याचे सूत्र नव्हेच."

त्याच बाईंनी एक सोपी खूण सांगितली. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम मध्यम समजावे. चार शब्दही धड बोलवेनात तर थांबावे. भाऊजी बोलतात थोडे, पण विठ्ठलाचे नाव तालात घेतात. ते नाव सुरात आहे तोवर चाल हलकी, सूर तुटून नुसते बोलणे उरले की चाल नेमकी, आणि बोलणेही तुटले की विसावा, असे आमचे घरगुती नाडीयंत्र ठरले.

राहिला फेऱ्यांचा हिशेब. तो सासूबाईंनी सोडविला. त्यांनी एका चातुर्मासात पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घातल्या होत्या. लाखाची मोजणी त्यांनी कशी ठेवली? चिंचोक्यांनी! एका वाटीतून चिंचोका उचलावयाचा आणि दुसऱ्या वाटीत टाकावयाचा. त्याच रीतीने देवघराच्या उंबऱ्यापाशी भाऊजींची वाटी मांडली. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आतल्या गल्लीने, मालमोटारी टाळून, जाऊन येऊन साडेतीनशे पावले होतात. पुतणीने ती तीन वेळा मोजून पाहिली. एक फेरी झाली की भाऊजींनी स्वतःच्या हाताने एक चिंचोका टाकावयाचा. दहाच्या पुढे त्यांस मोजता येत नाही. पण कालच्यापेक्षा आज वाटी भरली की नाही, हे त्यांस कोणी सांगावे लागत नाही. यंत्राने त्यांस मोजले तेव्हा ते मोजले जाणारे होते. येथे ते मोजणारे झाले, आणि ह्या एका फरकाने सगळे पालटले. पहिल्या आठवड्यात रोज चार चिंचोके पडत. चार महिन्यांनी दहा-अकरा पडू लागले. पावसात, सर्दीपडशात, आणि नुसते मनात नसले तरीही काही दिवस वाटी रिकामी राहते. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

एकदा पाहुणे आले असता भाऊजींनी न चालताच मूठभर चिंचोके वाटीत टाकले. पुतणीने ही लबाडी जाहीर केली. सासूबाई म्हणाल्या, "घड्याळाने टाळ वाजविण्याला पावले म्हटले तर ते शास्त्र, आणि माझ्या बाळाने एक मूठ टाकली तर ती लबाडी का गं?" ह्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

दुसरी वाटी मात्र त्या बाईंच्या सांगण्यावरून मांडली, आणि माझ्या मते महत्त्व तिचेच अधिक. त्या म्हणाल्या, "भाऊजींना जे स्वतः करता येते ते घरातील दुसऱ्या कोणी करून दिले की ह्या वाटीत एक चिंचोका टाका. आठ दिवस काही बदलू नका, नुसते मोजा." पहिल्याच दिवशी सत्तावीस पडले. पाण्याचा पेला हातात दिला, ताट उचलले, आंघोळीचे पाणी काढले, सदऱ्याची बटणे लावली, चपला पायांपुढे ठेवल्या, पंखा लावला. ह्यांत कोठे हेळसांड नव्हती, उलट सगळी मायाच होती. परंतु उठण्याचे सत्तावीस प्रसंग त्या मायेने दिवसाकाठी त्यांच्या पायांपासून काढून घेतले होते. एकत्र कुटुंबात हात पुष्कळ. आणि हात पुष्कळ असले म्हणजे एका माणसाचे पाय स्वस्थ राहतात. मग ठरले की पाणी मागितले तर माठ दाखवावयाचा, आणि चहाचे कप गोळा करण्याचे काम भाऊजींचे. पहिले काही दिवस सासूबाईंस ते पाहवेना. पण दुसरी वाटी जसजशी रिकामी राहू लागली तसतशी पहिली भरू लागली. आणि आता तर कप उचलण्यास दुसऱ्या कोणी हात लावला की भाऊजी रागावतात.

ह्यात मोठा चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. वजन दोन-अडीच किलोंनी उतरले. साखर काठावर होती ती तेथेच राहिली, वाढली नाही. ज्यांस असे काही करावयाचे असेल त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे हे बरे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. थायरॉइडची उणीव पुष्कळांत आढळते, आणि तिने येणारा सुस्तपणा आळस समजला जातो. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, तेव्हा त्यांस शीर्षासन किंवा कोलांटी उडी करावयास लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात अपंगत्व असलेल्यांचा प्रथमच स्वतंत्र विचार केला आहे. आठवड्यास दीडशे मिनिटांच्या मध्यम श्रमांचे ध्येय त्यांच्यापुढेही ठेवले आहे. पण थोडेसेही चालणे अगदीच न चालण्यापेक्षा बरे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

अशा माणसांसाठी आपल्याकडे काम नव्हते असे नाही. हर्मसजी व दीना वकील ह्या दांपत्याने आपल्या जय ह्या अपत्याच्या निमित्ताने १९४४ साली मुंबईस शाळा काढली; ती आजही चालू आहे. १९६४ साली पुण्यास 'कामायनी' निघाली. १९६८ साली अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर ह्यांनी स्पेशल ऑलिंपिक्स सुरू केले. त्याची भारतीय शाखाही आहे. त्या स्पर्धांतील एक रीत मला फार आवडते. धावणाऱ्यांस आधी एकदा धाववून पाहतात आणि ज्यांचा वेग जवळजवळ सारखा, त्यांचीच शर्यत लावतात. प्रत्येकास त्याच्या तोलाचा सोबती! कामतांनी प्रश्नांबाबत जे केले तेच हे, पायांबाबत.

ज्या घरी भाऊजींसारखे कोणी असेल, त्या घराने एक आठवडा दोन वाट्या मांडून पाहाव्या, एवढीच माझी विनंती. खर्च काही नाही. चिंचोके नसतील तर हरभरे चालतील. पहिल्या वाटीतील आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी ताडून पाहू नये, त्याच माणसाच्या गेल्या महिन्याशी ताडावा. दुसऱ्या वाटीचा आकडा घरातील सर्वांनी मिळून वाचावा. आमच्या भाऊजींच्या प्रमाणपत्रावर पंचाहत्तर हा आकडा छापलेला आहे. तो आता बदलण्यासारखा नाही, आणि त्याची कोणास खंतही उरलेली नाही. वाटीतील आकडा मात्र रोज नवा असतो, आणि संध्याकाळी दिवेलागणीस भाऊजी तो आम्हांस हातात धरून दाखवितात.